ओ-रिंग घट्ट बसते तेव्हा जोर नको, माप घ्या

गॅरेज, पंप दुरुस्ती, नळकाम किंवा हार्डवेअरचे दुकान चालविणाऱ्या आमच्या वाचक बांधवांच्या हातून रोज दोन-चार तरी ओ-रिंग जातच असतील. किमतीने ही रबरी कडी अगदी क्षुल्लक. पण तिच्यापायी काम परत आले, तर मजुरी जाते आणि गिऱ्हाईकही जाते.

मध्यंतरी एका ओळखीच्या कारागिराकडे पाण्याच्या फिल्टरचे भांडे दुरुस्तीला आले होते. नवी रिंग घातली, पण भांडे शेवटपर्यंत फिरेना. शागीर्दाने मोठा पाना लावून जोर दिला आणि प्लास्टिकला तडा गेला. भांडे पदरचे पैसे घालून भरून द्यावे लागले. नंतर आम्ही व्हर्निअर लावून पाहिले. जुनी रिंग २.६२ मिलीमीटर जाडीची होती आणि दुकानातून आणलेली ३ मिलीमीटरची. आतला व्यास सारखाच, त्यामुळे हातात धरून दोन्ही एकच वाटत.

असे घडण्याचे कारण सरळ आहे. बाजारात दोन मालिका चालतात. इंची मालिकेत जाडी १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ अशी असते, तर मेट्रिकमध्ये १.५, २, २.५, ३ अशी. बहुतेक दुकानांत दोन्ही एकाच डब्यात पडलेल्या असतात. जाडीतला फरक तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मिलीमीटरचा, तो काय करणार, असे वाटते. पण जाडी १५ टक्क्यांनी वाढली की रबराचा ऐवज सुमारे ३१ टक्क्यांनी वाढतो. आणि रबर दाबून लहान होत नाही, ते फक्त आकार बदलते. खाच साधारणपणे तीन चतुर्थांश ते ८५ टक्के भरावी, एवढीच ठेवलेली असते. उरलेली जागा रबराला पसरायला असते. ती जागाच संपली तर रिंग कुठे जाणार? मग एक तर भांडे फुटते किंवा रिंग कापली जाते.

ओ-रिंगचे अमेरिकन पेटंट ज्यांच्या नावावर आहे, ते नील्स क्रिस्टेन्सन मूळचे डेन्मार्कचे, यंत्रकामात मुरलेले गृहस्थ. १९३७ साली अर्ज केला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. पेटंट १९३९ मध्ये मिळाले. त्यांनी रिंगइतकाच खाचेच्या मापाचा विचार केला होता. आपण मात्र रिंग तेवढी पाहतो आणि खाचेकडे डोळाही लावत नाही.

माप बरोबर असूनही रिंग घट्ट जात असेल, तर ती फुगली आहे का, हे पाहावे. काळ्या रंगाच्या रिंगा दिसायला सारख्या, पण रबर वेगळे. नायट्रिल रबर इंजिन ऑइल, हायड्रॉलिक तेल सहन करते. ई.पी.डी.एम. नावाचे रबर पाणी आणि नेहमीच्या ब्रेक ऑइलसाठी चांगले, पण खनिज तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीन लागले की फुगू लागते. म्हणून जॅकमध्ये ई.पी.डी.एम. बसवली तर ती फुगून दांडा अडकतो. उलट ब्रेकच्या भागात नायट्रिल चालत नाही. तिथे साधे ग्रीसही लावू नये, हा तर जिवाचा प्रश्न आहे. संशय असल्यास त्याच डब्यातली एक रिंग मोजून इंजिन ऑइलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवावी व पुन्हा मोजावी. ठळकपणे फुगली, तर तेलाच्या कामाला ती घेऊ नये.

कोरडी रिंग ही तिसरी आणि सर्वांत सामान्य अडचण. कोरडे रबर घसरत नाही, पीळ खाते. नायट्रिल व ई.पी.डी.एम. दोन्हींना सिलिकॉन ग्रीस चालते. पिण्याच्या पाण्याच्या कामाला खाद्यपदार्थांसाठी योग्य म्हणून विकले जाणारेच घ्यावे. रिंगच सिलिकॉन रबरची असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीस नको, ती त्यानेच फुगते. ग्रीस पातळ लावावे. खाच भरून टाकू नये. त्याआधी खाचेतला चुना, गंज, जुन्या रबराचा तुकडा लाकडी काडीने काढावा. पेचकसाच्या टोकाने खाचेवर ओरखडा पडला की नवी रिंगही गळते. आट्यावरून रिंग न्यायची असेल तर आट्यांवर कागद किंवा टेप गुंडाळावी.

लहान रिंग ताणून चढवणे हाही एक गैरप्रकार आहे. व्यास पाच टक्क्यांपेक्षा जास्त ताणला, तर रबर पातळ होते आणि लवकर तडकते.

जुनी रिंग मोजून नवी आणण्यातही फसगत होते, कारण वर्षानुवर्षे दाबलेली रिंग चपटी झालेली असते. अशा वेळी खाचेची खोली आणि रुंदी मोजून दुकानात जावे. दुकानदार बांधवांनीही इंची आणि मेट्रिक रिंगा वेगळ्या डब्यांत ठेवून वर जाडी लिहावी आणि रबर कोणते तेही लिहावे. त्याला एका दुपारचे काम लागेल.