तात्या विंचू आणि गांधीजी, एकाच गळ्यातून

भोकरदनच्या बाजारात एखाद्याला नुसतं 'तात्या विंचू' म्हणून बघा, तो तिथल्या तिथे घोगरा आवाज काढून दाखवेल. मग त्यालाच विचारा, 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी आठवतात का? तेही आठवतील. आणि ही दोन्ही कामं दिलीप प्रभावळकरांचीच, हे कळल्यावर दहातले पाच जण तरी चमकतील!

हे जमतं कसं?

आधी 1993चा 'झपाटलेला' हा चित्रपट घ्या. त्यातला गुंड तात्या विंचू माणूस म्हणून पडद्यावर थोडाच वेळ आहे. पुढे त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि सगळा कारभार शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याचा. आता त्या बाहुल्याचा चेहरा नीट बघा. तो हलतो किती? जेमतेम. तरी आपण घाबरतो. कारण आपला मेंदू आवाज कुठून येतोय हे कानांपेक्षा डोळ्यांना जास्त विचारतो. तोंड हलताना दिसलं की आवाज तिथलाच, असा निकाल तो देऊन टाकतो. शब्दभ्रमकाराचा सगळा खेळ याच्यावर चालतो. पण बाहुल्याला राग, कावा, खुनशीपणा कुठून मिळाला? प्रभावळकरांच्या गळ्यातून. बाहुल्याच्या चेहऱ्यावर जे नव्हतं, ते आपण आवाज ऐकून स्वतःच रंगवलं.

तेरा वर्षांनी तोच गळा गांधीजींसाठी. इथे खरी गंमत आहे. राजकुमार हिराणींच्या या चित्रपटात गांधीजी फक्त मुन्नाला दिसतात, त्याच्या डोक्यातल्या 'केमिकल लोच्या'तून. म्हणजे हे इतिहासातले गांधीजी नाहीतच! मुन्नाला जेवढं ठाऊक, तेवढंच त्यांना ठाऊक. त्यापलीकडचा प्रश्न आला की ते गप्प. विचार करा, केवढी अवघड भूमिका: साऱ्या जगाच्या ओळखीचा माणूस साकारायचा आणि तोही दुसऱ्याच्या कल्पनेत मावेल एवढाच. प्रभावळकरांनी तो मऊ बोलण्यातून आणि कमीत कमी हालचालींतून उभा केला. 2006च्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'शेवरी' आणि हा चित्रपट मिळून ते सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेता ठरले.

आपण माणूस ओळखतो तो नुसत्या नाकडोळ्यांवरून नव्हे. पाठमोरा शेजारी चालीवरून कळतो, फोनवरची आत्या पहिल्या 'अगं'वरून. चरित्र अभिनेता नेमकं हेच बदलतो: चाल, लय, थांबण्याची जागा. दूरदर्शनवरचा त्यांचा चिमणराव आणि 'चौकट राजा'मधला नंदू शेजारी उभे करा, मेकअपच्या आधी देहबोलीच निराळी दिसेल. 'हसवा फसवी' नाटकात तर एकाच रात्री सहा माणसं, त्यात एक बाई आणि एक थकलेले संगीत नट!

मला सगळ्यात थक्क करतं ते त्यांचं 'अनुदिनी' हे पुस्तक. टिपरे कुटुंबातल्या लहानथोर सगळ्यांच्या डायऱ्या लिहिणारा लेखक हाच माणूस. त्यावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका आली आणि त्यातले घराघरात पोचलेले आजोबा, म्हणजे आबाही तेच झाले. इतक्या वेगवेगळ्या वयांची माणसं एकाच डोक्यात, आपापल्या भाषेत बोलत होती!

2025 साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते 'दशावतार'मध्ये बाबुली मेस्त्री झाले. नजर अधू होत चाललेला कोकणातला दशावतारी कलाकार, म्हणजे एका नटाने साकारलेला दुसरा नट, आणि त्याच्या आत पुन्हा एकामागून एक अवतार.