रिठ्याला जरा डोक्यावरून उतरवा

रिठा म्हटलं की हल्ली सगळे केसांवर घसरतात. वनौषधींवर व्याख्यानं देत फिरणाऱ्या आमच्या काही स्नेह्यांनी तर रोज रिठ्यानं न्हा, असा धोशाच लावला आहे. सातारा-सांगलीकडच्या ज्या बायकांकडून मी हे शास्त्र शिकलो, त्यांतली एकही रोज रिठ्यानं न्हात नव्हती. न्हाणात मान शिकेकाईचा. तिच्या जोडीला आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचोरा. रिठे पडायचे ते चार-दोन, फेसापुरते. जास्त झाले की केस राठ होतात, आणि पाणी डोळ्यांत गेलं तर डोळे लालभडक. उवा-लिखा झालेल्या पोरीच्या डोक्याला मात्र दाट रिठ्याचं पाणी चोळत, कपाळावर फडकं घट्ट बांधून. प्रसाधनातली रिठ्याची कामगिरी एवढीच. बाकीचं पाकिटावर छापलेलं असतं.

औषधाचा अध्यायही मी लवकर उरकतो. निघंटूंमधला अरिष्टक किंवा फेनिल तो हाच. कफ सुटायला, ओकारी काढायला तो देत. अर्धशिशीत नाकात रिठ्याच्या पाण्याचा थेंब सोडणारे जाणते पाटण-जावळीकडे भेटत. शिंकांनी माणूस हैराण व्हायचा आणि डोकं हलकं झालं म्हणायचा. पण शिराळ्याच्या बाजूला साप चावलेल्याला रिठ्याचं पाणी पाजत, त्याचं कौतुक मला सोसत नाही. विष भिनतं रक्तात. पोट उलटं करून ते निघेल कसं? तिथे प्रतिसर्पविषाची लस आणि दवाखाना, दुसरं काही नाही. आधुनिक संशोधनानं मात्र रिठ्याला भलत्याच बाजूनं गाठलं: लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं त्यातल्या सॅपोनिनपासून 'कॉनसॅप' हे गर्भनिरोधक मलम तयार केलं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. रिठ्याचं खरं घर दोन ठिकाणी: सोनाराच्या दुकानात आणि लुगड्यांच्या ट्रंकेपाशी. हे मी गेली कित्येक वर्षं सांगतो आहे आणि आमचे वनस्पतिप्रेमी ते यादीच्या शेवटी 'इतर उपयोग' म्हणून ढकलून देतात.

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी जड. त्यात डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पाण्यातल्या चुन्याशी साबणाची गाठ पडली की त्याचा नुसता चोथा होतो, कपड्यावर करडी साय धरते. रिठ्याचं सॅपोनिन या चुन्याला भीक घालत नाही. त्याच्या कणाचं एक अंग साखरेचं, पाण्याला धरणारं. दुसरं तेलकटाला चिकटणारं. मळ मधल्या मधे सुटतो. शिवाय साबणासारखा क्षार त्यात नाही, आणि रेशमाचा नि लोकरीचा वैरी तो क्षारच. म्हणून पैठणी, इरकली, शालू, लोकरीच्या शाली यांना रिठा.

त्याची रीत आत्याकडे पाहिलेली. रिठे फोडून बी काढायची, साली रात्रभर कोमट पाण्यात टाकायच्या, सकाळी हातानं कुस्करून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. त्या तपकिरी पाण्यात लुगडं बुडवायचं, दाबायचं, पण पिळायचं नाही. काठ चोळू लागलं की आत्या ओरडायची, "अगं, जर उसवंल! नुस्तं हालीव त्येला." वाळत घालायचं सावलीत.

आणि सोनार! विट्याकडची गलाई करणारी माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली, पण गावातला सोनार मागे राहिला, त्याचा रिठ्याचा टोप नेहमी शेगडीवर. ठुशी, बोरमाळ, पुतळ्या त्या पाण्यात उकळायच्या, मग केसाळ ब्रशनं फटीतला मळ काढायचा, स्वच्छ पाण्यातून काढून लाकडाच्या भुशात लोळवून कोरडं करायचं. फुलांच्या खाचेत भुशाचा कण राहिला तर सुईनं टोकरत बसायचं. नथ आली की टोप खाली. आमच्या आईला सोनारानं बजावलेलं, "वहिनी, मोत्याला उकळी नको, लिंबू तर अजिबात नको. गार रिठा, वरच्या वर." आंबटानं मोत्याचं पाणी जातं, तांब्या-पितळेची चिंच तिथे चालत नाही. रसायनांच्या बाटल्या आल्या आणि हे ज्ञान धंद्यातूनच उठलं.

घसरण कधी लागली? सर्फ १९५९ साली आला, निरमा १९६९ साली. ही पूड जड पाण्यातही फेस देते, मग रिठे फोडत कोण बसेल? त्या बायकांना मी बोल लावत नाही. पुढं टेंभू, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी माळावर चढवलं, चांगलंच झालं. पण पाण्यामागून ऊस आला, आणि उसाच्या बांधावर सावली नको म्हणून रिठे तुटले. देवळामागे, ओढ्याकाठी एखादा उरला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळं सुरकुतून खाली पडतात, वेचायला कोणी येत नाही. काळ्या बियांनी गोट्या खेळणारी पोरंही गेली.

बाजारात रिठा मिळतो, पण तो बहुतेक हिमालयाच्या पायथ्याचा: एकेकटा, गोल. आपल्या सह्याद्रीच्या बाजूचं फळ दोन-तीन बोंडं एकत्र जुळलेलं, कोवळेपणी तांबूस लवेचं. दोन्ही जाती वेगळ्या; तरी 'आपल्या मातीतला रिठा' म्हणून उत्तरेचा माल पुडीत भरून विकणाऱ्यांना कोणी हटकत नाही. वनमहोत्सवाच्या खड्ड्यात अजून गुलमोहरच पडतो. रिठ्याची बी टणक, कवच घासून, भिजवून लावली तर चांगली रुजते, आणि फळ धरायला काही वर्षं जातात; तेवढा धीर असलेल्यानं पहिलं रोप विहिरीच्या काठाला लावावं, तळ्यात मात्र फळं पडू देऊ नयेत. रिठ्याच्या पाण्यानं मासे गुंगतात, हे डोंगरातल्या माणसांना पुस्तकांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.