वाचकाला वाचक कुठे भेटतो?

राष्ट्रीय विज्ञान दिनी जुन्नर तालुक्यातल्या खोडदला शाळांची झुंबड उडते. ४५ मीटर व्यासाच्या तबकडीखाली उभी राहून बहुतेक मुले विचारतात, परग्रहावरून काही ऐकू येते का? एका वर्षी घोडेगावकडच्या एका मुलाने मात्र आम्हाला वेगळेच विचारले. ‘‘सर, मी नारळीकरांच्या गोष्टी वाचतो. आमच्या वर्गात दुसरं कुणी वाचत नाही. अशी मुलं कुठं भेटतात?’’

अमेरिकेतल्या मुलांनाही एकेकाळी हीच अडचण होती. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी केवळ विज्ञानकथांना वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले. वाचकांच्या पत्रांखाली ते पत्तेही छापत. मग संपादकाला लिहिणारे वाचक परस्परांनाच लिहू लागले! १९२९ मध्ये गर्न्सबॅक यांच्याच दुसऱ्या एका नियतकालिकात फॉरेस्ट अ‍ॅकरमन या बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे पत्र आले. पुढच्याच वर्षी पत्रमित्रांच्या एका मंडळाने ‘द कॉमेट’ हे हौशी पत्रक सुरू केले. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक संमेलन भरले. जमले ते सुमारे २०० जण. अ‍ॅकरमन तर भविष्यकाळातल्या माणसाचा पोशाख चढवून आला होता. हे सारे छापलेल्या पत्त्यांमुळे घडले, कथा कितपत चांगल्या होत्या हा प्रश्न निराळा.

मराठीत वाट वेगळी होती. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि १९७० पासून तिने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. हे होते जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरे उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. नामवंत शास्त्रज्ञाने अनोळखी स्पर्धक होऊन रांगेत उभे राहावे, हे आम्हाला बक्षिसापेक्षा मोठे वाटते. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या कथालेखनाची दखल घेतली.

स्पर्धेने लेखक पुढे आणले खरे, पण एका वाचकाला दुसऱ्याचा पत्ता देणे हे स्पर्धेचे काम नव्हे. तालुक्याच्या गावात वाचणारा मुलगा त्यामुळे एकटाच राहतो.

त्या मुलाच्या वहीत आम्ही, त्याच्या गुरुजींना विचारून, जुन्नरच्या एका शाळेचे नाव लिहून दिले. तिथल्या एका मुलीने त्याच सकाळी आम्हाला हाच प्रश्न विचारला होता.