फैजपूर

फैजपूर हे महाराष्ट्रातील जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील एक लहान शहर आहे. तापी नदीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्यालगतच्या सुपीक काळ्या जमिनीच्या पट्ट्यात ते वसले असून बुऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता येथून जातो. डिसेंबर १९३६ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले. ग्रामीण भागात भरलेले ते काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन होय.

पूर्वेतिहास

मध्ययुगात हा प्रदेश खानदेशच्या फारूकी सुलतानांकडे होता. पुढे तो मोगलांच्या व नंतर मराठ्यांच्या अमलाखाली आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०६ साली खानदेश जिल्ह्याची विभागणी झाली, तेव्हा फैजपूर पूर्व खानदेशात (आजचा जळगाव जिल्हा) समाविष्ट झाले.

ब्रिटिश काळात फैजपूरची ख्याती होती ती सुती कापडावरील छपाईसाठी आणि गडद निळ्या व लाल रंगाईसाठी. रंगाऱ्यांची अनेक कुटुंबे या धंद्यावर जगत असत. गावात लाकडाचा मोठा आठवडे बाजार भरे. कापसाचे पीक वाढल्यावर सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखानेही निघाले. गिरणीचे कापड आणि कृत्रिम रंग यांच्यापुढे हातरंगाईचा टिकाव देशात फारसा कोठे लागला नाही, आणि फैजपूरही त्याला अपवाद ठरले नाही.

लोकसंख्या

१९०१ च्या जनगणनेत फैजपूरची लोकसंख्या १० हजारांहून थोडी अधिक होती. त्याच वर्षी जळगाव शहराची लोकसंख्या १६ हजारांच्या घरात होती, म्हणजे दोन्ही गावांत आज दिसते तसे अंतर नव्हते. २०११ च्या जनगणनेत फैजपूर २६ हजारांच्या पुढे गेले, तर जळगाव ४ लाख ६० हजारांवर पोहोचले. याच काळात महाराष्ट्राच्या प्रदेशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ९४ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर, म्हणजे जवळजवळ सहापट झाली. फैजपूरची तिप्पटही झाली नाही.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग जळगाव–भुसावळवरून गेला. व्यापार, कचेऱ्या आणि पुढे उद्योग त्याच्याकाठी एकवटले, हे या तफावतीचे प्रमुख कारण मानावे लागेल. फैजपूरला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. सावदा स्थानक त्यातल्या त्यात जवळचे आहे. परिसरात लेवा पाटीदार समाजाची वस्ती मोठी असून सातपुड्याच्या बाजूस तडवी भिल्लांची गावे आहेत. लेवा गणबोली ही येथील घराघरांतली बोली. केळी हे आज या पट्ट्याचे मुख्य पीक आहे.

१९३६ चे अधिवेशन

तोपर्यंत काँग्रेसची अधिवेशने मोठ्या शहरांत भरत. खेड्यात राहणाऱ्या बहुसंख्य जनतेपर्यंत काँग्रेसने जावे, असा महात्मा गांधींचा आग्रह होता, आणि त्यातूनच पूर्व खानदेशातील फैजपूरची निवड झाली. (काटेकोर अर्थाने फैजपूर खेडे नव्हते. तेथे तेव्हाही नगरपालिका होती. तरी लखनौ किंवा मुंबईच्या तुलनेत ते खेडेच म्हणायचे.)

खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी स्थानिक तयारीचा मोठा भार उचलला. साने गुरुजी खानदेशातील गावोगावी हिंडून प्रचार करत होते. स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. अधिवेशनासाठी उभारलेल्या नगरास ‘टिळकनगर’ हे नाव देण्यात आले. त्याची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, आसपास मिळणाऱ्या साहित्यातून केली. १८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले होते. त्या स्मरणार्थ मुंबईहून एक ज्योत धावपटूंनी हातोहात फैजपूरला आणली. खादी व ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले.

२७ व २८ डिसेंबर रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली खुले अधिवेशन झाले. गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसे या दिवसांत येथे लोटली. आजूबाजूच्या तालुक्यांतून आलेल्या शेतकऱ्यांचा त्यात मोठा भरणा होता. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय हेही उपस्थित होते. नेहरूंनी आपल्या भाषणात स्पेनमधील यादवी युद्धाचा व फॅसिझमच्या संकटाचा विस्ताराने उल्लेख केला. १९३५ चा कायदा फेटाळून घटना समितीची मागणी करणारा ठराव संमत झाला.

परंतु फैजपूरचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत राहिले ते प्रामुख्याने शेतीविषयक कार्यक्रमामुळे. शेतसारा व खंड यांत कपात, न परवडणाऱ्या लहान जमिनींना सूट, कर्जवसुलीस स्थगिती, वेठबिगार बंद करणे, शेतमजुरांना जगण्याइतके वेतन आणि शेतकरी संघटनांना मान्यता या त्यातील ठळक मागण्या होत्या. खानदेशात रयतवारी पद्धत होती. त्यामुळे येथील शेतकऱ्याला जमीनदारापेक्षा सारा आणि सावकार हेच अधिक जाचत. त्या दृष्टीने कार्यक्रम त्याच्या प्रश्नांना भिडणारा होता. जमीनदारी नष्ट करण्याची मागणी मात्र त्यात नव्हती, आणि उत्तरेकडील किसान नेत्यांना ती उणीव खटकली. अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली त्याच सुमारास फैजपूर येथेच भरले. त्यासाठी शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून पायी चालत आला होता.

१९३७ च्या जुलैमध्ये मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, आणि १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. काँग्रेसचे पुढचे अधिवेशनही, १९३८ मध्ये, खेड्यातच भरले. ते हरिपुरा गाव गुजरातेत असले तरी तापीच्याच काठावरचे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळ

परिसरात सहकारी साखर कारखाना निघाला. १९६१ मध्ये सुरू झालेल्या येथील महाविद्यालयास धनाजी नाना चौधरी यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे पुत्र मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री आणि पुढे विधानसभेचे अध्यक्ष झाले. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयही असून यावल व रावेर तालुक्यांतील विद्यार्थी शिक्षणासाठी येथे येतात.