खेळवणारा

मराठीत खेळणं आणि खेळवणं असे दोन शब्द आहेत. स्क्वॉशच्या क्लबात शिकवणाऱ्याचा सगळा धंदा त्यांच्यामधल्या एका ‘व’त मावतो. सभासद खेळतो, मार्कर त्याला खेळवतो. नियमपुस्तकातला मार्कर म्हणजे गुण पुकारणारा. जिमखान्यातला मार्कर मात्र कोर्ट उघडतो, रॅकेटचं गटिंग करतो, जोडीदार न आलेल्या साहेबांसमोर उभा राहतो आणि त्यांच्या पोरांना शिकवतोही.

मोहोपाड्यात बसून हे लिहायला कारण आहे. रसायनीच्या कारखान्यांनी वाढवलेल्या आमच्या बाजारगावात खेळ म्हटला की क्रिकेट नाहीतर कबड्डी. पण याच खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या कलोते गावी, रित्विक भट्टाचार्य यांनी ‘स्टार्ट’ नावाची स्क्वॉश अकादमी काढली. जागतिक क्रमवारीत ३८व्या क्रमांकापर्यंत गेलेला, व्यावसायिक दौऱ्यावर उतरलेल्या पहिल्या भारतीयांपैकी एक असलेला हा खेळाडू शिकवायला आला तो धरणाकाठच्या या गावात. मुंबईचा महेश माणगावकर त्यांच्या हाताखाली इथे घडला. २०१४ च्या इंचिऑन आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या दोन्ही भारतीय संघांत तो होता.

मार्करांची परंपरा मात्र फार जुनी. पेशावरजवळचा हाशिम खान लहानपणी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू आणून द्यायचा. साहेब लोक उन्हाच्या वेळी विसावले की हा रिकाम्या कोर्टावर अनवाणी, स्वतःशीच खेळायचा. १९४२ मध्ये तो हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना शिकवू लागला. १९४४ मध्ये त्याने मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि पुढची दोन वर्षं विजेतेपद राखलं. फाळणीनंतर त्याचा नातलग अब्दुल बारी भारतातच राहिला. १९५० मध्ये बारी ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत पोचला आणि इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. ज्याला आपण मुंबईत हरवलं तो तिथवर जातो, तर आपण का नाही, असं हाशिमला वाटलं. पुढच्याच वर्षी हाशिम गेला आणि करीमला हरवून आला. तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती. पुढे ही स्पर्धा त्याने एकूण सात वेळा जिंकली. अर्धं आयुष्य इतरांना खेळवण्यात गेलं, तीच त्याची तालीम ठरली.

तरी शिकवण्याचे पैसे घेतले की हौशी स्पर्धांची दारं बंद होत. १९८० मध्ये खेळ सर्वांना खुला झाला आणि हौशी-व्यावसायिक हा भेद कागदावरून गेला. मनातून जायला अर्थातच जास्त वेळ लागतो. क्लबाच्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत विजेत्या सभासदांची नावं असतात. त्यांना खेळवणाऱ्याचं नाव शोधावं लागतं.

हा माणूस नेमकं करतो काय? कोर्ट ९.७५ मीटर लांब, ६.४ मीटर रुंद. चेंडू जेमतेम २४ ग्रॅमचा, पोकळ रबराचा, आणि गार असताना मेलेला. भिंतीवर मारमारून तो तापवावा लागतो, तेव्हा कुठे उसळतो. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू नवशिक्याच्या हाती दिला, तर तो तापवणार कधी आणि खेळणार कधी? म्हणून जाणता मार्कर आधी निळ्या ठिपक्याचा, थोडा मोठा आणि जास्त उसळणारा चेंडू काढतो. मूल आठवडाभरात रॅली करू लागतं. खेळ आवडू लागतो.

मग खरी परीक्षा, शिकवणाऱ्याची. मूल मागच्या कोपऱ्यात. ते बाजूच्या भिंतीवरून बोस्ट मारतं, चेंडू समोरच्या भिंतीला लागून पुढच्या दुसऱ्या कोपऱ्यात पडतो. पुढे उभा असलेला गुरू तो सरळ भिंतीलगत मागे पाठवतो. पुन्हा बोस्ट, पुन्हा ड्राइव्ह. पन्नास वेळा चेंडू त्याच फरशीएवढ्या जागेत पडला पाहिजे. एक्कावन्नाव्या वेळी मुद्दाम हातभर अलीकडे. हे करताना त्याची नजर चेंडूवर नसते. मुलाचा खांदा वळला का, पाऊल उशिरा पडलं का, मारून झाल्यावर ते कोर्टाच्या मधल्या ‘टी’ खुणेकडे परतलं की उभं राहून आपलाच फटका बघत बसलं, हे तो पाहतो. समोरच्याला हरवणं त्याला कधीही जमलं असतं. समोरच्याच्या आवाक्याच्या बोटभर पलीकडे चेंडू टाकत राहणं, ही विद्या वेगळी.

आमच्या कोकणपट्टीत पावसाळ्याची भर. दमट हवेत कोर्टाच्या भिंतींना घाम फुटतो, चेंडू उसळायचा तो सटकतो, लाकडी जमीन निसरडी होते. फडकं कधी मारायचं आणि खेळ कधी थांबवायचा, हेही त्यालाच ठरवावं लागतं. डोळ्यांवर चष्मा घालायला लावणं, अडथळा आल्यावर ‘लेट’ (रॅली पुन्हा) कुठे आणि ‘स्ट्रोक’ (थेट गुण) कुठे हे भांडणाआधी समजावणं, नव्या सभासदाला तोडीचा जोडीदार गाठून देणं, हेही त्याचंच काम. आणि दिवसाकाठी पाच-सहा तास वाकून स्वतःचे गुडघे शाबूत ठेवणं.

आता या विद्येला प्रमाणपत्रांच्या पायऱ्या आहेत. चेन्नईत खेळाडू घडवणाऱ्या सायरस पोंचा यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात स्क्वॉशला २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत जागा मिळाली. खेळणारे वाढतील. त्यांना खेळवणारे कुठून येणार?

हाशिम जिथून आला तिथून, असं मला वाटतं. कोर्ट झाडणारा, चेंडू उचलून देणारा, दुपारी रिकाम्या भिंतीशी खेळणारा पोरगा आपल्या तालुक्यातही असू शकतो. त्याच्या हाती झाडूबरोबर रॅकेट आणि पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राची फी कोणी दिली, तर मोहोपाड्यातही एखादा खेळवणारा निघेल. चेंडूसारखंच आहे ते: गार आहे तोवर मेलेला वाटतो, कोणीतरी भिंतीशी तापवावा लागतो.