टाळ्या थोड्या उशिरा वाजवा

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे पेशंट संपत आले होते. पानपिंपरीच्या मळ्यात मजुरीला जाणारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलगा माझ्या जुन्या ओळखीचा. वय सतरा. जन्मल्यावर तो लवकर रडला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि त्यातून सेरेब्रल पाल्सी त्याच्या वाट्याला आली. उजवा हात आखडलेला, चाल झोकांड्या खाणारी, बोलणे अडखळत, समज वयाच्या मानाने कमी आणि वर फिट्सचा त्रास.

बाई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, शाळेतले सर म्हणतेत, याले नाटकात घेतो. घेऊ देऊ का? तिथं फीट तं नाही येनार ना याले?"

'कशाला उगीच ताप' हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. पण मुलाने माझ्याकडे असे काही पाहिले की मी ते गिळले. कारण असेच एक उत्तर मी याच बाईला पूर्वी दिले होते.

हा मुलगा वर्षाचा असताना ती त्याला घेऊन आली होती. मान नीट धरत नव्हता, बसत नव्हता. मी दोन मिनिटांत निदान सांगितले आणि पुढे म्हणालो, "बाई, याच्याकडून फार आशा ठेवू नका. जपा, खाऊ-पिऊ घाला." निदान बरोबर होते, सल्ला चुकीचा होता. व्यायाम, वाचा-उपचार, विशेष शाळा, यांतले काहीच मी सांगितले नाही. डॉक्टरचा शब्द प्रमाण मानून तिने पोराला ओसरीवर बसवून ठेवले. तो नऊ वर्षांचा झाल्यावर विशेष शाळेचे शिक्षक घरी आले आणि त्याला घेऊन गेले. मधली आठ वर्षे माझ्या खात्यावर आहेत, हे मी मान्य करतो.

या वेळी मात्र मी नीट तपासले. गोळ्या वेळेवर चालू होत्या आणि वर्षभरात फीट आलेली नव्हती. मी होकार दिला आणि तालीम कितीही लांबली तरी रात्रीची गोळी चुकवू नका, असे बजावले. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी स्वतः गेलो.

नाटक गाडगेबाबांवर होते. बाबांचे जन्मगाव शेंडगाव आपल्याच तालुक्यातले. गावात शिरल्यावर बाबा आधी खराट्याने रस्ते झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. आमच्या या मुलाचे काम गावकऱ्याचे होते. झाडणाऱ्या बाबांजवळ जायचे आणि म्हणायचे, "आना तो खराटा. मी झाडतो." एवढे एकच वाक्य.

तो झोकांड्या खात मंचावर आला आणि त्याला पाहताच लोकांनी टाळ्या सुरू केल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. त्या आवाजाने तो बावरला, वाक्य विसरला आणि खाली पाहू लागला. लोकांना वाटले, पोरगा घाबरला, म्हणून त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला ऐकू येत नाही. तिच्यावर त्या टाळ्यांचा काही परिणाम झाला नव्हता. तिने शांतपणे त्याच्या कोपराला हात लावला. ती त्यांची तालमीतली खूण होती. त्याने मान वर केली, श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे वाक्य म्हटले. खराटा डाव्या हातात घेतला, आखडलेल्या उजव्या हाताने वरून दाबून धरला आणि मंच या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून काढला. तेव्हा टाळ्या वाजवायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

वाचकहो, पहिल्या टाळ्या दयेच्या होत्या. आपण त्याचे काम पाहिलेच नव्हते, फक्त त्याची चाल पाहिली होती. मी डॉक्टर म्हणून सोळा वर्षांपूर्वी जी चूक केली, तीच त्या संध्याकाळी सगळ्या सभागृहाने केली. मुलाला काय येत नाही हे आपण चटकन मोजतो, काय येते हे पाहायला थांबत नाही.

असे नाटक आपल्या महाराष्ट्रात नवे नाही. संयुक्त राष्ट्रांनी 1981 हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. त्याच सुमाराला मुंबईत कांचन सोनटक्के यांच्या 'नाट्यशाला' या संस्थेचे काम सुरू झाले. अंध, मूकबधिर, अपंग आणि ज्यांना आपण तेव्हा मतिमंद म्हणत असू, अशा मुलांना नाटकातून शिकवायचे, हे त्या कामाचे सूत्र. स्वागत थोरात यांनी 1997 साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, 88 अंध कलावंतांना घेऊन 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हे नाटक बसवले. पुढे कालिदासाच्या काव्यावर आधारलेले 'अपूर्व मेघदूत' त्यांनी अंध कलावंतांकडूनच करून घेतले. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने दिव्यांग मुलांसाठी वेगळी बालनाट्य स्पर्धाही भरवली आहे. परदेशात पाहायचे तर ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात 'बॅक टू बॅक थिएटर' ही मंडळी 1987 पासून नाटके करतात. त्यांचे नट बौद्धिक अपंगत्व असलेले आहेत. नाट्यक्षेत्रातले मोठे समजले जाणारे आंतरराष्ट्रीय इब्सेन पारितोषिक 2022 साली त्यांना मिळाले. ते नाटकाच्या गुणावर मिळाले, दयेपोटी नाही.

आता वैद्यकीय बाजू. नाटकाने सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही, डाउन सिंड्रोम जात नाही, गेलेली दृष्टी परत येत नाही. तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मग तालमीने होते काय? मोठ्याने बोलण्यासाठी श्वास धरावा आणि सोडावा लागतो. तेच वाक्य रोज म्हटल्याने जीभ, ओठ आणि जबडा यांना वळण लागते. दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत थांबावे लागते, म्हणजे लक्ष आणि धीर वाढतो. पावले मोजून ठरल्या जागी उभे राहण्यात तोल सांभाळण्याचा सराव होतो. व्यायामशाळेत जे पोर दहा मिनिटांत कंटाळते, तेच तालमीत तासभर उभे राहते, कारण तिथे त्याच्यावाचून कोणाचे तरी अडत असते. फिजिओथेरपी आणि औषधे मात्र त्याबरोबर चालूच ठेवायची.

ज्या पालकांना, शिक्षकांना मुलांना मंचावर न्यायचे आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फिट्स येणाऱ्या मुलांपैकी शंभरातल्या दोन-चार मुलांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फीट येऊ शकते. मुलगा त्यांतला आहे की नाही हे ठाऊक नसेल, तर तसले दिवे वापरूच नयेत. जागरण आणि गोळी चुकणे ही फीट येण्याची याहून मोठी कारणे आहेत. मंचावर फीट आलीच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोटे घालू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत फीट थांबली नाही तर तडक दवाखाना गाठावा. डाउन सिंड्रोमच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि काहींच्या मानेचा सांधा ढिला असतो. त्यांना डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोलांट्या उड्या मारायला लावू नयेत. चाकाच्या खुर्चीसाठी मंचाला उतार करावा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असे त्याचे साधे गणित आहे. लाळ गळत असेल तर रुमाल वेशभूषेतच ठेवावा, त्याची लाज बाळगू नये. आणि मुलाला नको असेल तर त्याला मंचावर ढकलू नये. 'नाही' म्हणण्याचा हक्क त्यालाही आहे.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते एकवीस झाले. सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्कही त्या कायद्यात आहे. पण कायदा ओसरीवर बसलेल्या मुलापर्यंत आपोआप पोहोचत नाही. अशी मुले टाकून दिली जातात, हेही आपल्याला माहीत आहे. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अशाच बेवारस, अपंग मुलांना आपले नाव दिले. त्यासाठी 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आपल्याला अभिमान वाटतो. अभिमानाबरोबर एवढेही करता येईल, की आपल्या गल्लीतले असे मूल घराबाहेर येते की नाही, हे पाहावे.

त्या बाई महिन्याभराने गोळ्या लिहून घ्यायला आल्या. फिट्सबद्दल काहीच विचारले नाही. म्हणाल्या, "सराले सांगा ना डॉक्टरसाहेब, औंदा मोठा पार्ट द्या म्हना. एकाच वाक्यानं याचं मन नाही भरलं." मुलगा स्टुलावर बसून हसत होता. मी म्हणालो, "तूच सांग." त्याला वेळ लागला. त्या चार शब्दांसाठी मी थांबलो, बाहेर पेशंट ताटकळत असतानाही.

तुमच्याकडेही कधी विशेष शाळेच्या नाटकाची पत्रिका येईल. जरूर जा. तिकीट असेल तर पैसे देऊन जा. नाटक आवडले नाही तर तसेही सांगा, कलावंताला तेही हवे असते. फक्त वाक्य पुरे होईपर्यंत टाळ्या वाजवू नका.