हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन कोण काढतो?

सप्तर्षी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षांवर 'आय झ्विकी १८' नावाची एक खुजी दीर्घिका आहे. तिच्यात नवे तारे भराभर जन्मत आहेत. तिच्या वायूच्या वर्णपटात ४६८.६ नॅनोमीटरला एक बारीक निळी रेषा दिसते. ही रेषा तेथे असावी कशी, हे कोडे अजून सुटलेले नाही.

रेषा आहे आयनीभूत हेलियमची. वर्गात आपण बोरचे सूत्र शिकवतो, तेच येथे वापरू. एक इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम हा हायड्रोजनसारखाच. फक्त केंद्रकावरचा भार दुप्पट, म्हणून ऊर्जा चौपट. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, तर हेलियमचा हा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ५४.४. निघालेला इलेक्ट्रॉन पुन्हा पकडला गेला की पायरी-पायरीने खाली उतरतो. चौथ्या कक्षेतून तिसऱ्या कक्षेत येताना तो आपली निळी रेषा देतो. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. उत्तर अगदी जवळ येते.

म्हणजे जवळपास कोठेतरी ५४.४ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेचा अतिनील प्रकाश देणारा उगम हवा. चाळीस-पन्नास हजार अंश तापमानाच्या नेहमीच्या तप्त ताऱ्यांकडे असा प्रकाश फारच थोडा असतो.

पहिला संशय वुल्फ-रायेट ताऱ्यांवर जातो. आपल्याच वाऱ्याने बाहेरचे थर उधळून दिल्यामुळे त्यांचा अतितप्त गाभा उघडा पडलेला असतो. पण हा वारा वाहतो तो लोहासारख्या धातूंच्या अणूंना प्रकाशाचा रेटा बसून. (खगोलशास्त्रात हेलियमपेक्षा जड ते सर्व 'धातू', अगदी ऑक्सिजनसुद्धा! रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी क्षमा करावी.) आय झ्विकी १८ मध्ये ऑक्सिजनचे प्रमाण सूर्याच्या सुमारे ३ टक्केच आहे. धातू कमी, म्हणून वारा मंद आणि वुल्फ-रायेट तारेही मोजके. असे काही तारे तेथे १९९७ साली सापडले. मात्र २०१५ मध्ये कॅरोलिना केरिग आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधील ३.५ मीटर दुर्बिणीने संपूर्ण रेषेचा हिशेब मांडला, तेव्हा ते अपुरे ठरले. गंमत म्हणजे धातू कमी असलेल्या दीर्घिकांत ही रेषा उलट अधिक ठळक आढळते.

मग क्ष-किरण देणारी जोडतारका? तसा एक तेजस्वी उगम तेथे आहे. पण २०२१ मध्ये दोन्ही जागा ताडून पाहिल्या, तर रेषेचा सर्वांत तेजस्वी भाग त्याच्यापासून शेकडो प्रकाशवर्षे दूर निघाला. ताऱ्यांच्या स्फोटांतून उठणाऱ्या धक्कालहरींचाही विचार झाला आहे.

आम्हाला अधिक रस वाटतो तो जोडीदाराने थर ओरबाडून घेतलेल्या ताऱ्यांत. येथे वाऱ्याची, म्हणून धातूंचीही गरज नाही. २०२३ साली मॅगेलन मेघांत असे २५ तारे ओळखले गेले. अडचण वयाची: ओरबाडणे व्हायला काळ जावा लागतो आणि ही रेषा तर अगदी कोवळ्या तारकागुच्छांतही दिसते. केरिग यांनी आणखी एक शक्यता मांडली आहे, जवळजवळ धातुविरहित अतितप्त ताऱ्यांची. तसा एकही तारा अजून प्रत्यक्ष दिसलेला नाही.

जेम्स वेब दुर्बीण आता विश्वाच्या बाल्यातील दीर्घिकांत आयनीभूत हेलियम शोधते आहे. तो दिसला की 'पहिल्या पिढीचे तारे सापडले' असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याआधी या जवळच्या दीर्घिकेतला उगम सापडायला हवा.